कुंदाताईंनी पाय उचलला नाही

कुंदाताई गेल्याचं मला गेममध्येच कळलं. फोन वाजला की मी तो घाबरून दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देते, हे त्यांच्या मुलीला, वैशालीला ठाऊक होतं, म्हणून तिने फोन केलाच नाही. रोजच्यासारखा दुपारी साडेतीनला मी गेम उघडला, तर तिची धनुष्यवाली बाई किल्ल्याच्या पायरीवर एकटीच उभी, आणि फोनमधून वैशालीचा आवाज आला. "मावशी, आई गेली गं. जेवून आडवी झाली होती... तशीच." मग आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. खेळलो नाही, बंदही केलं नाही. त्याला आता महिना होत आला. भेटणारे सगळे त्यांच्या आजारपणाचं बोलतात. मला त्यांची एक शनिवारची दुपार लिहून ठेवायची आहे.

परळला पोळीभाजीच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटते. बारा वर्षं माझ्या शेजारी तव्यावर कुंदाताई होत्या. पुढे त्यांना दम लागायला लागला आणि त्या लालबागच्या आपल्या खोलीत बसून राहिल्या. बसून राहणं त्यांना येत नव्हतं. वैशाली गिरगावात राहते, ऑफिसचं काम घरूनच करते. तिने आईच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला आणि कुंदाताईंनी आठ दिवसांत मला त्यात ओढलं. "काय गो शालन, डबे गेल्यावर भिंतीला टेकून नुसती बसतेस ना? चल, राक्षस मारू."

तिघींनी मिळून डोंगरातल्या किल्ल्यात शिरायचं आणि एकेक दार उघडत वर जायचं, असा तो खेळ. एकटीला काहीच जमत नाही. कुंदाताईंकडे ढाल, वैशालीकडे धनुष्य, माझ्याकडे दिवा. जमिनीतली कुठली फरशी भक्कम आणि कुठली पोकळ, ते फक्त दिवेवालीला दिसतं. तिने फोनमधून सांगायचं, बाकीच्यांनी पाय टाकायचा. आणि मी तर दुकानातसुद्धा बोट दाखवून वस्तू घेणारी! पण आमच्या स्वयंपाकघरात एक पद्धत आहे. तिथला पंखा एवढा घरघरतो की हाक ऐकू जात नाही, म्हणून कणकेचे गोळे संपले की लाटण्याने पोळपाटावर ठोका द्यायचा. कुंदाताईंनी तेच खेळात आणलं. एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे, तीन म्हणजे थांबा. अशी आम्ही अकरा दारं उघडली. वैशाली हसायची. "लोक ओरडून ओरडून घसा बसवतात, आणि आमच्याकडे पोळपाट बडवून किल्ला घेतात!"

बाराव्या, शेवटच्या दारावर दगडाचा राक्षस होता. त्याच्यापुढे आम्ही कितीदा हरलो त्याला गणती नाही. त्यातच माझा फोन कणीक भिजवायच्या पाण्यात पडला. भावाने नवा आणून दिला. त्या दिवशी मी ठोके दिले आणि कुंदाताई पहिल्याच पावलाला खड्ड्यात गेल्या. "शालन, वाजव ना गो!" मी तर वाजवत होते. वैशालीने हे बटण दाब, ते दाब करून पाहिलं, मग म्हणाली, "मावशी, तुझा नवा फोन खडखडाट गाळून टाकतो. माणसाचा आवाज तेवढा पुढे सोडतो."

"मग प्रश्नच मिटला," कुंदाताई म्हणाल्या. "लाटणं ठेव, तोंड चालव."

ते मला होईना. गुरुवारी, शुक्रवारी मी तोंड उघडायचे आणि आजूबाजूला पाय पसरून बसलेल्या बायका बघून मिटायचे. माझ्यामुळे कुंदाताई पुन्हा पुन्हा पडत होत्या. सोमवारी त्यांच्या छातीचं ऑपरेशन होतं. त्या गमतीत म्हणत, "मला चिरायच्या आधी मी त्याला चिरणार," पण ती गंमत नव्हती, हे आम्हा दोघींना कळत होतं. शेवटी वैशाली म्हणाली, "आई, दिवा मी घेते. मावशीला धनुष्य देऊ. बोलायला तरी नको." मला सुटल्यासारखं झालं. पण कुंदाताई ऐकेनात. "दिवा तिचाच. पोळीतला केस लांबून दिसतो तिला. तुला काय दिसतं? परवा चहात मीठ घातलंस."

शनिवारी आम्ही अंदाजानेच राक्षसाच्या दालनात अर्ध्यापर्यंत पोचलो आणि कुंदाताई थांबल्या. ढाल वर धरून नुसत्या उभ्या. राक्षस वरून घाव घालत होता, त्यांच्या डोक्यावरची, किती जीव उरला ते दाखवणारी तांबडी पट्टी कमी कमी होत होती. वैशाली ओरडली, "आई, चल ना! कुठेही पाय टाक!"

"मी पाय उचलणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "शालन सांगेल तेव्हाच."

पट्टी अर्धी झाली. मग पाव. मला डावीकडची भक्कम फरशी लख्ख दिसत होती. त्या मात्र हलल्या नाहीत... आणि मी ओरडले. "डावीकडे!"

पंख्याच्या वर माझा आवाज गेला. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. कुंदाताईंनी पाय टाकला, फरशी टिकली. "उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. थांबा! वैशाली, तू मागे हो. आता डावीकडे... अहो डावीकडे म्हटलं ना, कुंदाताई, जेवायचा हात कुठला ते विसरलात काय?" हे मी बोलले. कुंदाताईंना! त्या हसत हसत पुढे सरकत होत्या, हसताना त्यांना लागलेला दम फोनमधून ऐकू येत होता. राक्षसाच्या पायापाशी पोचल्यावर त्यांनी ढाल त्याच्या गुडघ्यात घातली, तो वाकला, आणि वैशालीचा बाण त्याच्या कपाळात. दगड कोसळत गेले, दार उघडलं, पलीकडे ऊन. फोनमध्ये दोघी मायलेकी किंचाळत होत्या, इकडे बायका माझ्याभोवती जमल्या होत्या. "अगं बाई, हिला आवाज आहे!" आणि कुंदाताई ओरडत होत्या, "केवढा मोठा आवाज गो तुझा! फोन नसता तरी लालबागपर्यंत आला असता!"

सोमवारी ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या आणि पुढे दोन महिने होत्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा टाक्यांपेक्षा राक्षसाचंच जास्त बोलल्या.

तेराव्याला त्यांच्या खोलीत गेले. खिडकीजवळ त्यांची खाट, खाटेवरच्या गादीला बसून बसून पडलेला खळगा. समोरच्या फळीवर मसाल्याची बरणी होती, तिला टेकवून त्या फोन उभा करायच्या. बरणीवर फोनची रेघ अजून दिसत होती. मी नमस्कार करून दाराशीच बसले. चाळीतली एक आजी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "ती दिवेवाली तूच काय? कुंदाने सगळ्या मजल्याला सांगितलंय. पण दर वेळी वेगळंच सांगायची. खरं काय झालं ते तू सांग."

वैशालीने खाटेवर थोपटून मला बोलावलं. मी जाऊन त्या खळग्याशेजारी बसले आणि सुरुवात केली. ढालीचं सांगताना मला उठून उभं राहावं लागलं. बाहेर गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने सांगा, इथे ऐकू येत नाही."

मी पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.