सोळा जिंकल्या, एक हरली

चंद्रप्रकाश परब बसलेला कोणाला दिसायचा नाही. चारकोपच्या आमच्या बागेत सकाळी आम्ही सात-आठ म्हातारी माणसं जमतो. बाकीचे बाकावर टेकतात, हा उभा. उभा म्हणजे या पायावरून त्या पायावर, मग कुंपणापर्यंत, मग परत. मी एकदा म्हटलं, अरे, तू माणूस आहेस की घोडा? तर म्हणाला, घोडा उभ्या उभ्या झोपतो तरी, मला तेवढंही जमत नाही.

हे त्याने गमतीत म्हटलं नव्हतं. तीस वर्षं तो रेसच्या घोड्यांचा सईस होता. सईस म्हणजे घोड्याला धुणारा, खरारा करणारा, दाणा देणारा, त्याच्या पायाशी निजणारा माणूस. बाप गिरणीत, थोरला भाऊ गिरणीत, आणि हा पोरगा साच्यांच्या खडखडाटाला भ्यायला म्हणून महालक्ष्मीला तबेल्यात जाऊन राहिला. बापाने वर्षभर तोंड पाहिलं नाही. माणसांची नोकरी सोडून जनावराची चाकरी धरली म्हणाला. पुढे संप झाला, गिरणी बसली आणि सात माणसांचं घर त्या जनावराने चालवलं. हे तो बापाच्या तेराव्याला हसत सांगत होता, तेव्हा त्याच्या बायकोने, प्रेमावहिनींनी, त्याला चिमटा काढला होता.

घोड्यातलं मला काय कळतं म्हणाल, तर आमच्या गावच्या शाळेत गुरुजी तट्टावरून येत. ते तट्टू ओढ्यापाशी आलं की खाली बसायचं. गुरुजी त्याला आधी गोंजारत, मग शिव्या देत, मग बे एके बे म्हणत. पाढा ऐकला की ते उठायचं. आमची शाळा सातवीपर्यंत, तट्टूही सातवीपर्यंतच असावं. असो.

तर गोष्ट दख्खन ज्वेल या घोड्याची. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला रेसच्या माणसांत हे नाव देवासारखं घेत. सतरा शर्यती धावला, सोळा जिंकल्या. चंद्रप्रकाश त्याचा सईस. कागदावर दख्खन ज्वेल, पण हा त्याला हाक मारायचा बाबलो, आणि घोडाही बाबलो म्हटल्यावरच मान वळवायचा.

यंदा फेब्रुवारीत पेपरात आलं की अबोली क्वीन नावाची घोडी ओळीने बारा जिंकली, आता ती दख्खन ज्वेलपेक्षा मोठी म्हणायची का? झालं. आमच्या कट्ट्याला वाद मिळाला. बाळ करंदीकर विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात घोड्यावर बसले नाहीत, पण जुनी रेसची पुस्तकं सगळी जपलेली. ते ज्वेलच्या बाजूने. शुभाताई शाळेत गणित शिकवायच्या, त्या घोडीच्या बाजूने. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जी हरलीच नाही ती मोठी. तुमचा ज्वेल हरलाय ना एकदा, मग संपलं.

यावर बाळ करंदीकर चष्मा काढून म्हणत, "शुभाताई, घोडा हरला नाही. जॉकीने हरवला. त्या प्रितमने लगाम ओढला, शर्यत विकली. तेव्हा ज्वेलच्या खात्यात हार धरायचीच नाही."

असं म्हटलं की चंद्रप्रकाशने खूश व्हायला हवं. बाबलोची बाजू कोणी घेतंय, तोसुद्धा करंदीकरांसारखा शिकलेला माणूस. पण प्रितमचं नाव निघालं की हा निघाला. चप्पल अर्धी पायात, अर्धी बाहेर, थेट बागेच्या फाटकातून बाहेर. दुसऱ्या दिवशी परत यायचा, वाद ऐकायचा, परत निघून जायचा. पाचव्या दिवशी मी मागोमाग गेलो. रस्त्यावरच्या टपरीपाशी त्याने दोन चहा सांगितले, आपला प्यायलाच नाही आणि पैसे देऊन चालायला लागला. मी म्हटलं, अरे काय झालंय? तर म्हणे काही नाही, गॅस झालाय.

त्याच्या घरी गेलो तर प्रेमावहिनी म्हणाल्या, भावजी, आठ दिवस धड जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर त्या भांडी घासायला आत निघून गेल्या. मला वाटलं नवरा-बायकोचं भांडण असेल.

इकडे ज्येष्ठ नागरिक संघाला हुरूप आला. शनिवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये रीतसर वादविवाद ठेवला. विषय फळ्यावर लिहिला: मोठं कोण? घोडीच्या बाजूने शुभाताई, घोड्याच्या बाजूने करंदीकर, आणि साक्षीदार म्हणून चंद्रप्रकाश. तो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मग त्याचा मुलगा नितेश निरोप घेऊन आला की बाबा नाही म्हणतायत, आणि शनिवारी हा सगळ्यांच्या आधी हॉलच्या दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर चुकून लावलेली.

शुभाताई छान बोलल्या. करंदीकर त्याहून छान. किती वजन पाठीवर होतं, किती सेकंद लागले, मैदान ओलं की कोरडं, सगळं तोंडपाठ. शेवटी ते वळले चंद्रप्रकाशकडे. म्हणाले, त्या रविवारी सकाळी तुम्ही घोड्यापाशी होता. घोडा ठणठणीत होता की नव्हता, एवढंच सांगा, बाकी मी बघतो.

आता हे नीट ध्यानात घ्या. याने नुसतं "होता" म्हटलं असतं तर बाबलो जगातला सर्वांत मोठा घोडा ठरला असता. निदान चारकोपच्या सेक्टर चारपुरता. घोडा ठणठणीत असून हरला, म्हणजे जॉकी चोर. सोपं गणित, शुभाताईंनाही मान्य करावं लागलं असतं.

चंद्रप्रकाश खुर्चीची पाठ धरून उभा होता. खुर्ची प्लास्टिकची, ती हलायला लागली.

"नव्हता," तो म्हणाला. "प्रितमभायने काय केला नाय. ता मिया केलंय."

मग त्याने जे सांगितलं ते असं. शर्यतीच्या दोन दिवस आधी मालकाकडची पाहुणी मंडळी तबेल्यात आली होती. त्यातल्या एका बाईने बाबलोच्या कपाळावर हात फिरवून, काय देखणा आहे हो, असं चारदा म्हटलं. त्या संध्याकाळी बाबलोने दाणा अर्धा ठेवला. याने घरी सांगितलं, प्रेमावहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली, दुसरं काय. मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या पुडीत बांधून दिल्या. रविवारी पहाटे ट्रेनर यायच्या आत याने घमेल्यात निखारे घेतले, पुडी घोड्यावरून उतरवली आणि निखाऱ्यावर टाकली.

आता आपल्याकडे रीत कशी, तर मिरच्या जळल्या आणि ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही, वासच आला नाही, तर समजायचं की दृष्ट जबर होती. चंद्रप्रकाशला वास आला नाही. जराही नाही. तो घाबरला. शेजारच्या सईसाच्या डब्यातून मूठभर मिरच्या आणून टाकल्या. तरी वास नाही. मग त्याने घमेलं उचलून बाबलोच्या तोंडाजवळ फिरवलं. बाबलो मागे सरला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि याला वाटलं दृष्ट उतरतेय.

"माका सर्दी झाली हुती," चंद्रप्रकाश म्हणाला. "चार दिवस नाक बंद. ध्यानातच इला नाय."

हॉलमध्ये मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबलो त्या दुपारी शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. मग प्रितमने त्याला ढिला सोडला, रेटला नाही, आणि घोडा मानभर मागे राहून दुसरा आला. लोकांनी दगड मारले. चौकशी बसली. प्रितम सांगत राहिला की घोड्याचा श्वास लागत होता, मी रेटला असता तर पडला असता. साहेबांनी सईसाला बोलावून विचारलं, घोडा सकाळी बरा होता? हा म्हणाला, बरा होता साहेब. गिरणी बंद होती, घरात सात माणसं. प्रितमला दोन वर्षं घरी बसवलं. नंतर त्याला कोणी चांगला घोडा दिलाच नाही.

फळ्यावरचा विषय तसाच राहिला. शुभाताईंनी आपले कागद घडी करून पर्समध्ये टाकले. करंदीकर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "हे तुम्ही आम्हाला सांगितलंत. त्यांना सांगितलंत का?"

चंद्रप्रकाशने नाही म्हणून मान हलवली. प्रितम भांडुपला राहतो हे त्याला ठाऊक होतं. इमारतीचं नाव, मजला, सगळं. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आला होता, वॉचमनने कोणाकडे जायचंय असं विचारलं की पळत सुटायचा.

रविवारी मी त्याला रिक्षात घातला. एकटा सोडला तर पुन्हा फाटकावरून परत यायचा. चारकोप ते भांडुप या प्रवासात त्याने रिक्षा तीनदा थांबवली. एकदा लघवीला, एकदा केळी घ्यायला, आणि एकदा उगाच. रिक्षावाला म्हणाला, काका, हॉस्पिटलला न्यायचं आहे का यांना? मी म्हटलं, नाही रे बाबा, तिथूनच बाहेर काढतोय. पवईच्या चढावर तो मला म्हणाला, प्रितमभाय मारील. मी म्हटलं, मारू दे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस किती मारणार.

दार प्रितमच्या नातीने उघडलं, जान्हवीने. आत प्रितम खाटेवर बसलेला, अंगाने पोरासारखा लहान, पाय जमिनीला टेकत नव्हते. चंद्रप्रकाशला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. हा बसला नाही, पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून राहिला.

 प्रितम जान्हवीला म्हणाला, आईला बोलव. आई आली. चंद्रप्रकाशकडे बोट करून म्हणाला, पुन्हा सांग. याने पुन्हा सांगितलं. मग शेजारच्या शकुबाईंना बोलावलं. पुन्हा सांग. मग पुण्याच्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर. पुन्हा सांग. बिचारा माफी मागायला आलेला, पण माफी मागायला त्याला कोणी वेळच देईना. दर वेळी मिरच्यांपाशी आला की प्रितम खाटेवर थाप मारायचा आणि घरातल्या सगळ्यांकडे बघायचा. चौथ्या वेळी त्याचे डोळे भरले.

"बघा," तो म्हणाला. "मी काय सांगत होतो? श्वास लागत होता. सदतीस वर्षं सांगतोय."

चंद्रप्रकाश हात जोडून काही म्हणणार, तेवढ्यात मी बावळटाने मध्ये तोंड घातलं. मला वाटलं वातावरण हलकं करावं. म्हटलं, प्रितमभाय, आमच्याकडे वाद चाललाय, तुम्हीच निकाल द्या. तुमचा ज्वेल सर्वांत मोठा घोडा होता ना?

प्रितम हसला. म्हणाला, मोठा कसला, एक नंबरचा भित्रा होता तो. मागे टापा वाजल्या की जीव घेऊन पळायचा. मी नुसता वर बसून राहायचो. सोळाच्या सोळा शर्यती तो भीतीने जिंकला.

चंद्रप्रकाशने जोडलेले हात सोडले.

"कोण भित्रा? बाबलो?"

"मग काय तू? कागद उडाला तरी बिचकायचा तो."

"कागदाक नाय, छत्रीक. आणि तीसुद्धा काळी असली तरच. भित्रो घोडो वळणावर आत घुसता काय? सांगा मला. पुण्याला कोण घुसला होता दोघांच्या मधून?"

"मी घुसवला."

"तुम्ही डोळे मिटले होते, प्रितमभाय. मी कठड्यापाशी उभा होतो."

शकुबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खांदे उडवले. जान्हवीने चहा आणला. प्रितम म्हणाला, डोळे मिटले होते तर दोघांमधली फट दिसली कशी मला? चंद्रप्रकाशने खुर्ची खाटेजवळ ओढली, तिच्यावर बसला, आणि कप हातात घेऊन म्हणाला, थांबा, सुरुवातीपासून सांगतो.