सुगंधाबाईंचं एक वाक्य

एरंडोलच्या बसस्टँडवर सुगंधाबाई राज्य लॉटरीची तिकिटं विकायच्या. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा नवरा गेला, तेव्हापासून दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या त्या तिकिटांवरच घर चालायचं. जळगावच्या ठोक विक्रेत्याने त्यांना सुरुवातीलाच शिकवून ठेवलं होतं, की हा पैसा गोरगरिबांच्या दवाखान्यांना जातो. बाईंना ते मनापासून पटलं होतं. गिऱ्हाईक कां-कूं करू लागलं की त्या म्हणायच्या, "नही लागनी तरी वाया जात नही, भाऊ. दवाखानाले जास."

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात उखर्डू आला. पद्मालयाच्या वाटेवरच्या खेड्यातला हा माणूस दर आठवड्याला एक तिकीट घ्यायचा. त्या दिवशी त्याने खिशात हात घातला नाही.

"अक्का, कोठे शे तो दवाखाना?"

बाई गोंधळल्या. महिन्यापूर्वी त्याची बायको बेबाबाई अडली होती. जवळपास दवाखाना नव्हता. जळगावला नेताना बैलगाडीतच ती गेली, पोटातल्या जिवासकट. हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं आणि तो बसमध्ये चढला.

बाईंना घास गोड लागेना. चौथ्या दिवशी दोरी गुंडाळून त्या जळगावला सरकारी कचेरीत गेल्या. तिथला कारकून भला होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली.

"मावशी, सगळा पैसा सरकारच्या एकाच तिजोरीत पडतो. त्यातून दवाखाने होतात, रस्ते होतात, पगारही होतात. तुमच्या तिकिटाचा रुपया कुठे गेला, हे कुणालाच सांगता यायचं नाही."

परतताना बाई घरी गेल्याच नाहीत. विचारत विचारत उखर्डूच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, मी खोटं बोलनी नही. पन खरं शे का, हाई कधी इचारंच नही. चुकनं मनं."

उखर्डू आत गेला. मग त्याने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "बस, अक्का. उन्हातून आलीस." दोघं ओट्यावर बसून राहिली.

पुढची आठ-नऊ वर्षं बाईंनी तिकिटं विकली, कारण पोटाला दुसरं साधन नव्हतं. खप मात्र निम्म्यावर आला. ठोक विक्रेता चिडायचा, "ते दवाखान्याचं सांगत जा की!" बाई मानेनेच नाही म्हणायच्या. गिऱ्हाइकाला तिकीट देताना त्या फक्त सोडतीची तारीख सांगायच्या.