त्याच्या वहीतली माझी आई

बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं असं मी घरी सांगितलं, तेव्हा वडील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्यानं वकील होता येते काय?"

"नाही. समाजाचा अभ्यास असतो त्यात."

"समाज तं रोज संध्याकाळी या ओट्यावर येऊन बसते. त्याच्यासाठी बुलडाण्याले कायले जा लागते बे?"

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्याकडे कॉलेज हीच नवलाई, आणि हा विषय तर त्याहून नवा. मी तो घेतला तो शिकवणाऱ्या सरांमुळे. सर पुण्याकडचे. त्यांचं बोलणं ऐकलं की आपण आजवर बोलत होतो ते काय, असं वाटायचं. यांचा आवडता विद्यार्थी व्हायचं, हे मी पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं. 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं. लहानपणापासून 'माय' म्हणत आलो होतो, तिला 'आई' म्हणू लागलो. गावात आमची जमीन मोठी, पुढे बसायची सवय. वर्गातही पहिला बाक मी धरला.

मागच्या बाकावर साखरखेर्ड्याचा एक जण बसायचा. माळ्याच्या घरचा. त्यांच्या मळ्यातली वांगी-मेथी आठवडी बाजारात जायची. पहिलं अख्खं वर्ष तो फारसा बोलला नाही, आणि मला तो असल्या-नसल्यासारखाच होता.

दुसऱ्या वर्षी एकदा सरांनी विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण, हे कशावरून ठरवाल?" मी उठून पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. घरातला ज्येष्ठ पुरुष, त्याच्या हाती मालमत्ता, वगैरे. सर "बरोबर" म्हणाले आणि फळ्याकडे वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, आमच्या घरी कारभार बाप पाह्यते. पन पोरगी कुठी द्यायची, वावर कोनाले लावायचं, असं काही निघालं की बाप आत्याच्या तोंडाकडं पाह्यते. आत्या इधवा हाय, माहेरी राह्यते. तिच्या नावावर काही नाही. ती मान हालवते, मंग बाप बोलते. आता प्रमुख कोनाले म्हनाव?"

त्याच्या बोलण्यावर वर्ग हसला. मीही हसलो, जरा जोरातच. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, खिशातून छोटी डायरी काढली आणि त्याला म्हणाले, "पुन्हा सांगा. तुमच्याच शब्दांत सांगा."

ज्या बोलीची मला लाज वाटत होती, ती सर लिहून घेत होते.

तेव्हापासून माझं लक्ष पुस्तकात कमी आणि त्याच्यावर जास्त. सर त्याच्याशी व्हरांड्यात किती वेळ उभे राहिले, त्याच्या निबंधावर किती ओळींचा शेरा लिहिला, माझ्यावर किती, हे मी मोजत असे. त्याला ताप आला तेव्हा सर वसतिगृहात त्याला भेटायला आले. पुढच्या महिन्यात मला खोकला झाला, तर मी चार दिवस अंथरुणातून उठलो नाही. सर आले नाहीत. त्यानेच मला मेसमधून कढी आणून दिली. मी ती गरम नाही म्हणून परत पाठवली.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका गावाचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा होता. मी माझं गाव आधीच ठरवून ठेवलं होतं. सरांनी सांगितलं, "स्वतःच्या गावात माणूस आंधळा असतो. अदलाबदल करा." आणि नेमकी आमची जोडी लावली. दिवाळीच्या सुट्टीत तो आठ दिवस माझ्या गावी राहील, मग मी आठ दिवस त्याच्या गावी.

दुसरबीडला एस.टी.तून उतरून तो आमच्या गावापर्यंत चालत आला. वडिलांनी विचारलं, "कोनाचा तू?" त्याने बापाचं नाव, जात, गाव, सगळं सरळ सांगितलं. मला वाटलं, वडील त्याला दोन शब्दांत वाटेला लावतील. पण त्याने विचारलं, "काका, या गावात रान मोडून पह्यलं वावर कोनी केलं असंन?" वडील दोन तास बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ते सगळ्या शिवारात फिरले. मला ते असे कधी घेऊन गेले नव्हते. मी मागून चालत होतो आणि त्या दोघांच्या पाठीकडे बघत होतो.

तरी ते मी सोसलं. चौथ्या दिवशी मी वावरातून घरी आलो, तर मागच्या अंगणातून हसू ऐकू आलं. आई हसत होती. पोटावर हात धरून, पोरीसारखी. पुढ्यात सुपात लाल मिरच्या, देठं खुडायची थांबलेली, आणि समोर जमिनीवर मांडी घालून तो लिहून घेतोय. मला बघितल्यावर तिने पदर सारखा केला आणि पुन्हा मिरचीला हात घातला.

"काय चाललं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. असंच."

मी तिचा मुलगा. माझ्याशी 'असंच', आणि त्याच्याशी वहीभर.

तो गेला तेव्हा त्याच्या दोन वह्यांपैकी एक कोनाड्यात राहिली. आईने ती माझ्या हातात दिली. "त्याले आठवनीनं देजो."

मी ती ट्रंकेत तळाशी घातली आणि साखरखेर्ड्याला गेलो. त्याच्या घरच्यांनी माझं फार केलं. मी पत्रक घेऊन घरं मोजली, विहिरी मोजल्या, पारावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांना प्रश्न विचारले. 'स्त्रिया' असा एक रकाना होता, त्यात आकडा भरला. त्याची ती आत्या रोज मला वाढायची आणि जेवण होईपर्यंत समोर बसायची. मी तिला एक शब्द विचारला नाही. तिचं नाव वर्गात गाजलं होतं, म्हणूनच विचारला नाही.

बुलडाण्याला परतल्यावर त्याने विचारलं, "माही एक वही तुह्या घरी राह्यली काय रे?"

"मला नाही दिसली," मी म्हणालो.

त्याला खरं वाटलं. तो ट्रंकेच्या शेजारीच उभा होता.

तो बाहेर गेल्यावर मी वही उघडली. पहिली काही पानं गावातल्या इतर बायकांची होती. मग आई सुरू झाली. ती मेहकरला मामाकडे राहून पाचवीपर्यंत शिकली होती, हे मी तिथं वाचलं. लग्न ठरलं आणि शाळा सुटली. सासरी पुस्तक नव्हतं, म्हणून गूळ-डाळ ज्या कागदात बांधून यायची तो कागद ती वाचायची. आई पुड्यांचे कागद सरळ करून मडक्याखाली ठेवते, हे मी जन्मभर बघत होतो. चूल पेटवायला ठेवत असेल, असं मला वाटायचं. अर्धवट बातम्या असायच्या, पुढचं काय झालं ते ती मनानेच जुळवायची, आणि एकदा तिने जुळवलेलं अगदी उलटं निघालं. त्याच गोष्टीवर ती त्या दिवशी हसत होती.

शेवटच्या पानावर त्याने तिचं वाक्य तिच्याच बोलीत उतरवलं होतं: 'पोरगं आता पुस्तकावानी बोलते. मी काही सांगाले गेली तं मधातच शब्द सुदारते. मंग मी सांगतच नाही.'

मी वही मिटली. खरं तर तेव्हाच नेऊन द्यायला हवी होती. पण तिच्या तोंडून हे आलं ते त्याच्यासमोर, याचाच मला जास्त राग आला. वही ट्रंकेत परत गेली.

प्रबंध संक्रांतीनंतर द्यायचा होता. तो आठवून आठवून लिहीत होता, खोडत होता. मला बरं वाटत होतं.

मग एक दिवस तो माझ्या खोलीत आला. हातात जाड पाकीट. "तुह्या आईचं पत्र आलं," म्हणाला आणि ते माझ्यासमोर ठेवलं. त्याने वहीची चौकशी करायला तिला पत्र टाकलं होतं. हे तिचं उत्तर. मोठं, सुटं सुटं अक्षर, प्रत्येक शब्दावर ठसठशीत रेघ. मला घरून पत्रं यायची ती काकांच्या हातची. आईचं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो आणि ते पत्र त्याच्या नावाचं होतं.

तिने लिहिलं होतं, वही मुलाजवळ दिली आहे, तो अभ्यासाच्या घाईत विसरला असेल, त्याला रागावू नको. तोवर जे आठवतं ते पुन्हा लिहिते. आणि पुढे चार पानं भरून सगळं पुन्हा लिहिलं होतं.

मी उठलो, ट्रंक उघडली, वही काढून दिली. त्याने धूळ पुसली.

"वाचली काय?"

"हो."

"शेवटचं पान मी सरले दाखवनार नव्हतो," तो म्हणाला. "ते घरातलं हाय."

एवढंच. त्याने शिवी दिली असती, सरांना सांगितलं असतं, तर मला हलकं वाटलं असतं. त्याचा चांगुलपणाही मला सहन झाला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि तो गेला.

त्याचा प्रबंध सरांनी पुढच्या वर्गांना वाचून दाखवला. माझ्यावर शेरा होता, 'माहिती पुरेशी. माणसं दिसत नाहीत.'

उन्हाळ्यात घरी गेलो. आई पापड वाळत घालत होती. मी तीन वर्षांनी तिला 'माय' म्हणालो. "माय, तुले लिहिता येते हे मले काऊन नाही सांगितलं?"

तिने पापडावरची नजर काढली नाही. "तो इचारत होता," म्हणाली. "तू शिकवत होता."

"मलेही एखादं पत्र लिहीत जा."

"तुले काय लिहू? तू तं येऊन जाऊन राह्यते."

तो पुढे एम.ए.ला नागपूरला गेला, नंतर कुठल्याशा कॉलेजात शिकवू लागला. आई त्याला वर्षातून दोन-तीन पत्रं लिहायची. मी घरी असलो की ती टपालात टाकायला मलाच द्यायची, आणि मी टाकायचो. एकही उघडलं नाही. उघडावंसं मात्र प्रत्येक वेळी वाटलं.

मला पंचायत समितीत नोकरी लागली, बदली जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, घरापासून लांब झाली, तेव्हा कुठे तिचं माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं. मी ते ऑफिसात उभ्या उभ्याच फोडलं. वरच्या चार ओळी माझ्यासाठी होत्या. तब्येत सांभाळ, पाणी उकळून पी. खाली लिहिलं होतं, दोन महिने झाले त्याचं पत्र नाही, जिवाला चैन नाही, तू जरा तपास करून मला कळव.

मी तपास केला. तो बरा होता. तसं तिला कळवलं.