पाहुण्यांच्या मापाचा स्टोव्ह

चारुदत्तला कुठलीच गोष्ट बेताची घेता आली नाही. कॅनडातल्या किचनर गावात आमची ओळख झाली तेव्हा त्याचा नील तीन वर्षांचा होता आणि त्याच्या अंगावर सहा वर्षांच्या मुलाचा स्नोसूट होता. "वाढत्या अंगाचा घेतलाय," हे वर उत्तर. पुढे कुकर आला तो बारा लिटरचा, गाडी आठ माणसांची, घर चार बेडरूमचं. कारण एकच: उद्या पाहुणे आले तर? तेव्हा ते येतही होते. मंडळाचा गणपती कित्येक वर्षं त्याच्याच बेसमेंटमध्ये बसायचा. आता आमच्यातले निम्मे गेले, उरलेल्यांना जिना उतरवत नाही. त्या घरात चारुदत्त आणि उमावहिनी दोघंच राहतात.

गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या पावसानं विजेच्या तारा तुटल्या, घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली आणि नील दोघांना टोरोंटोच्या आपल्या काँडो फ्लॅटमध्ये घेऊन गेला. तिथं वहिनींनी फोडणी केली की स्मोक अलार्म वाजायचा. मग त्यांनी फोडणी करायचं सोडलं आणि खिडकीशी बसून राहिल्या. परत सोडताना नील म्हणाला, "बाबा, हीट परत गेली तर यू हॅव टू सेल द हाऊस. प्लीज." तो चुकीचं बोलत नव्हता, याचाच दोघांना जास्त त्रास झाला. चारुदत्तनं वहिनींना शब्द दिला: पुढच्या थंडीआधी हॉलमधल्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवतो, म्हणजे वीज गेली तरी घर सोडायला नको.

झालं, आमच्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. हायवेवर त्याला आता गाडी चालवू देत नाहीत, म्हणून ड्रायव्हर मी. उन्हाळाभर स्टोव्ह बघून बघून मला वीट आला. शेवटी हा थांबला कुठं, तर दुकानातल्या सगळ्यात दांडग्या स्टोव्हसमोर. दुकानातली बाई सांगत होती, "तुमच्या हॉलला हा फार मोठा. सारखा मंद ठेवाल, लाकूड धुमसेल, धुराड्यात डांबर साचेल. शिवाय याला आठ इंची लायनर लागतो." लायनर म्हणजे विटांच्या धुराड्यातून वरून खाली सोडायचा पोलादी पाइप.

"चारू, ती सांगते ते ऐक. तो कोपऱ्यातला छोटा घे," मी म्हटलं.

"नातवंडं आली की वरच्या खोल्यांपर्यंत ऊब नको का जायला? लायनरचं बघू." पस्तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस हा! मला असा संताप आला की परतीच्या वाटेवर मी रेडिओ मोठा करून ठेवला.

स्टोव्ह येऊन हॉलमध्ये हत्तीसारखा बसला. पानगळ सुरू झाली तेव्हा बसवणारे आले, छतावर चढले, माप घेतलं. सहा इंचीच पाइप जाईल म्हणाले. आठ इंची हवा तर धुराड्याच्या आतली मातीची नळी फोडावी लागेल. फोडता येते, पण आता थंडीत नाही, स्प्रिंगमध्ये.

"मग स्प्रिंगमध्ये फोडा," चारुदत्त म्हणाला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो त्या स्टोव्हवरच ठेवला.

"अहो, तोवर मी कुठं बसू? परत नीलच्या खिडकीत?"

"उमा, एक हिवाळा फक्त. पोरं आली की..."

"पोरं येत नाहीत हो आता. त्यांना सवड नाही. मी वाट बघायची सोडली, तुम्हीही सोडा. थकले मी मोठ्या घराला, मोठ्या पातेल्यांना. मला दोघांपुरती ऊब द्या."

मराठी कळत नसूनही ती बसवणारी माणसं हत्यारं आवरू लागली. चारुदत्त खोक्यावर बसला. वहिनी बोलल्या हे बरं झालं असं मला वाटलं, पण त्याच्याकडे बघवेना. मग त्यानं मला विचारलं, "विलास, तो कोपऱ्यातला छोटा अजून असेल का रे दुकानात?"

तो होता. मोठा परत देऊन तो आणला. सहा इंची लायनर धुराड्यातून अलगद खाली उतरला. पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी मी जेवायला गेलो होतो. आम्ही तिघं खुर्च्या ओढून स्टोव्हपुढे बसलो आणि नीलचा फोन आला. चारुदत्तनं स्पीकर लावला.

"विल इट हीट द अपस्टेअर्स, बाबा?"

चारुदत्तनं जिन्याकडे पाहिलं. "नाही रे. वरच्या खोल्या बंद केल्या. तुम्ही आलात तर खाली आमच्याजवळ झोपा."

वहिनींनी स्टोव्हवर कढलं ठेवलं होतं. तेल तापलं तशी त्यांनी त्यात मोहरी टाकली, ती तडतडली.

"व्हॉट्स दॅट नॉइज?" नीलनं विचारलं.

"फोडणी," चारुदत्त म्हणाला. "तुझी आई घरी आहे."