परक्यांची पसंती

परवा शेजारच्या अंगणात माणसं एक टोपी आळीपाळीने डोक्यावर घालून फोटो काढत होती. टोपी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाची होती आणि ती शेजाऱ्यांच्या डॅनियलने आणली होती. डॅनियल आमच्या या कॅनडातल्या गावचा क्वार्टरबॅक, म्हणजे इकडच्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा खेळाडू. इथल्या मैदानावर तो वर्षानुवर्षं खेळला, तेव्हा यांच्यातलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं.

अमेरिकेतल्या निवड शिबिरातून तो नुकताच परतला होता. मी विचारलं, "काय म्हणाले रे तिथे?"

"प्रशिक्षकाने गाव विचारलं. कॅनडा म्हटल्यावर माझी एकही फेक बघितली नाही. म्हणाला, पाय चपळ आहेत तुझे, चेंडू झेलायला उभा राहतोस का?"

"मग?"

"नाही म्हटलं आणि परत आलो, काकू."

पासपोर्ट बघून हाताची ताकद ओळखणाऱ्या त्या माणसाची मला किळस आली. पण या अंगणातल्यांना काय म्हणावं? परक्यांनी नाकारलं तरी पोरगा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आला, एवढ्यावरच ही माणसं हुरळली होती. असली लाचारी मी आमच्या पुण्यातही पुष्कळ पाहिली आहे.

तेवढ्यात डॅनियलने कोपऱ्यातला चेंडू उचलला आणि फेकला. सगळ्यांच्या डोक्यांवरून, कुंपण आणि रस्ता ओलांडून तो सरळ मैदानात जाऊन पडला. माणसं परत टोपीकडे वळली. फेक चांगली होती की नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.