न वाजणारे ठोकळे

सासऱ्यांनी घरातली एकही वस्तू वाजवून बघायची सोडली नव्हती. नवा कुकर आला की टिचकी, फरशी बसवली की बोटाचं पेर, कलिंगडाचं तर विचारूच नका. लग्नात सुनेच्या वडिलांनी हौसेनं दिलेलं लोखंडी कपाट दारात उतरतंय तोच त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि भर माणसांत जाहीर केलं, "खालून गंजलंय." गंजलं होतंच. तिला खरी चीड त्याचीच होती. माणूस चुकला असता, तर भांडता तरी आलं असतं!

ओतशाळेत सगळे त्यांना कानमास्तर म्हणत. ओतलेला माल थंड झाला की ते हातोडीचा एक ठोका मारत. घंटेसारखा वाजला तर खडूनं बरोबरची खूण, भद्द वाजला तर फुली आणि माल पुन्हा भट्टीत. यात उभी हयात गेली. निवृत्त होताना सत्काराची शाल कपाटात गेली, हातोडी मात्र उशाशी राहिली.

सून त्याच ओतशाळेत धातुतज्ज्ञ होती. आणि दोन वर्षं ती हात धुऊन कशाच्या मागे लागली होती, तर न वाजणाऱ्या धातूच्या! मँगनीज आणि तांब्याचा हा मिश्रधातू ठोक्याचा हादरा आतल्या आत गिळून टाकतो. जहाजाच्या इंजिनाखाली त्याचे ठोकळे बसवले की इंजिनाची थरथर जहाजाच्या अंगात उतरत नाही. वर केबिनमध्ये माणसाला झोप लागते, खाली माशांनाही जरा शांतता. मालकांनी मात्र बजावलं होतं, "पहिली खेप परत आली, तर हा धातू पुन्हा माझ्या भट्टीत नको."

खेप बघायला जहाज कारखान्याचा तपासनीस आला. तिनं यंत्राचे आलेख पुढे ठेवले. त्यानं पानही उलटलं नाही.

"मॅडम, हे असू द्या. मास्तरांना बोलवा. इतकी वर्षं त्यांच्या कानावर माल उचलतोय."

तिनं कपाळावर हात मारला. सासरे तर जणू बूट घालूनच बसले होते.

थप्प. फुली. थप्प. फुली.

"बाबा!" ती दातओठ खात त्यांच्या कानाशी गेली. "काल जेवताना काय सांगितलं मी? हा धातू वाजत नाही. वाजायचाच नाही!"

"सांगितलंस की. पण हातोडी कुठे होती जेवायला?" पुढचा ठोका. थप्प. फुली. "अगं, न वाजणारा धातू म्हणजे न रडणारं पोर. काहीतरी बिनसलेलंच असणार."

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं. दोन वर्षं अशी खडूनं पुसली जाणार?

तेवढ्यात कोपऱ्यातला एक ठोकळा वाजला. टणणण! अगदी देवळातल्या घंटेसारखा.

कानमास्तरांचा चेहरा खुलला. "हा न्या. बाकीचे टाका भट्टीत."

ती मात्र जागच्या जागी थबकली. यातला एकही वाजायला नको होता! यंत्रानं नमुन्याचा एकच ठोकळा तपासला होता. हा कुठून उपटला?

"भट्टीवाले दादा, ओतल्यावर हा ठोकळा कुठल्या भट्टीत तापवलात?"

भट्टीवाला मान खाजवू लागला. "ताई, तो तेवढा मागे राहिला होता. मग लोखंडी पुलींच्या भट्टीत टाकला. आच आचच ना शेवटी?"

"आच आचच?" तिचा आवाज छताला लागला. "अहो, जास्त तापला की हा धातू हादरा गिळायचं विसरतो! हाच बाद आहे. बाकी सगळे पास!"

"घरचं भांडण घरी मिटवा हो," तपासनीस हसला.

मग मात्र तिचा संयम सुटला. घासकामाची जुनी मोटर सुरू झाली की सगळं टेबल थरथरायचं. तीच मोटर तिनं त्या गोड गळ्याच्या ठोकळ्यावर बसवायला लावली आणि सासऱ्यांच्या हातातली हातोडी ओढून टेबलावर ठेवली. मोटर सुरू झाली. हातोडी टकटक नाचत टेबलाच्या काठाकडे निघाली. मग मोटरीखाली फुलीचा ठोकळा आला. हातोडी झोपल्यासारखी पडून राहिली.

तपासनिसानं टेबलाला तळवा लावून पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं. "पण खूण मास्तरांचीच हवी."

कानमास्तर बाहीनं फुल्या पुसत, बरोबरची खूण करत निघाले, प्रत्येक ठोकळ्यापाशी पुटपुटत. वाजणाऱ्यापाशी मात्र रेंगाळले. एक शेवटचा ठोका मारला, नाद विरेपर्यंत थांबले. "इतका गोड गळा, आणि बाद," म्हणत फुली मारली. बाकी सगळी खेप ट्रकवर चढली.

संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत पाठ टेकवते न टेकवते तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. थप्प.

"सूनबाई! ही लोणच्याची बरणी बघ. नाद म्हणून नाही. एकदम पास!"

"बाबा," ती डोळे मिटून म्हणाली, "ती तडकलीय."