पिझ्झ्यावर सुंगटं नव्हती, सॉसमध्ये होती



आज दुपारी गोव्यात मांद्रेच्या एका हॉटेलात पिझ्झा मागवताना मालकाला बजावलं, "माझ्या मुलीला सुंगटांची, म्हणजे कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. घसा सुजतो, श्वास अडकतो."

"भियां नाका बाय," तो म्हणाला.

पिझ्झ्यावर नुसत्या भाज्या होत्या. मुलीने तुकडा उचलला आणि मला सुंगटांच्या कालवणाचा वास आला. मी तुकडा तिच्या हातातून हिसकावलाच.

मालक शांतपणे म्हणाला, "सुंगटां खंय घातली? सॉस तेवढो सुंगटांच्या रसात शिजवलो."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मगे काय झाला? सुंगटां नको तर नुसतो रस वाढूचो."

उद्यापासून मुलीला दुपारचं जेवण त्याच वाढणार आहेत. सांगा, मी कामावर कशी जाऊ?